भाडेपट्टा समुद्रात, अडचण किनाऱ्यावर

संपादक महोदय,

समुद्रातील पवनऊर्जेच्या बातम्या वाचून सरकारने क्षेत्र दिले की प्रकल्प मार्गी लागला, असा समज होतो. डिसेंबर २०२३ च्या नियमांनुसार मिळणारा भाडेपट्टा हा केवळ समुद्रतळ वापरण्याचा हक्क आहे. आधी सर्वेक्षणासाठी ३ वर्षे, नंतर उभारणी व संचालनासाठी ३५ वर्षांपर्यंत. संरक्षण, गृह, नौकानयन, पेट्रोलियम अशा खात्यांच्या तत्त्वतः संमतीसाठी चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था समन्वय करते. एवढी व्यवस्था बरी आहे.

घोडे अडते ते केबलपाशी. गुजरात आणि तमिळनाडूसमोर प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी केंद्राने जून २०२४ मध्ये, बंदरसुधारणा धरून, ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. तीत पवनचक्क्या खासगी विकसकाने उभारायच्या आणि समुद्रातील उपकेंद्र व वीजवाहिनी पॉवरग्रिड या सरकारी पारेषण कंपनीने. म्हणजे अर्जदार दोन, वेळापत्रके दोन. केबल किनाऱ्याकडे येताना १२ सागरी मैलांच्या (सुमारे २२ किमी) आत शिरली की किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) मंजुरी लागते. वाटेत जुनी तेलवाहिनी असेल तर ती ओलांडण्याचा करार, कांदळवन असेल तर वनखाते. उद्या कोकणाची पाळी आली तर कांदळवनासाठी मुंबई उच्च न्यायालयाची परवानगीही घ्यावी लागेल.

जर्मनीत बोर्कुम बेटाजवळच्या रिफगाट प्रकल्पाच्या ३० चक्क्या २०१३ च्या उन्हाळ्यात उभ्या राहिल्या, पण केबलच्या मार्गात महायुद्धातील दारूगोळा सापडला. जोडणी २०१४ पर्यंत रखडली आणि तोवर यंत्रे गंजू नयेत म्हणून ती डिझेल जाळून फिरवावी लागली!

दुसरी अडचण अधिक गंभीर. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जाच नाही, त्यामुळे त्या अधिसूचनेतली जनसुनावणी इथे लागू होत नाही. २०१५ चे समुद्री पवनऊर्जा धोरण परिणामांचा अभ्यास मागते; पण अभ्यास म्हणजे सुनावणी नव्हे. डेन्मार्कमध्ये बाधित मच्छीमारांशी भरपाईची बोलणी विकसकाला कायद्यानेच करावी लागतात. आपल्याकडे ट्रॉलरची ओढ कुठून कुठे जाते, जाळी कोणत्या हंगामात कुठे लागतात, हे विचारण्याची सक्ती कोणावर?

निविदेआधीच केबलचा पट्टा आणि मासेमारीचे नकाशे जाहीर करून किनाऱ्यावरच्या गावांत सुनावणी घ्यावी. चक्क्यांच्या जागा नंतर हलवायच्या म्हटले, तर प्रत्येक नव्या जागी तळाला पुन्हा भोके पाडून माती तपासावी लागते.

– एक वाचक, अलिबाग