उद्यमबागेतला कामगार एकटा पडला आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'युनियनवाल्यांनी मुंबईच्या गिरण्या बुडवल्या, आता बेळगावचे कारखानेही बुडवायचे आहेत का?' असे विचारणारे एक पत्र गेल्या आठवड्यात आपल्याकडे छापून आले. चार दिवसांनी त्याला उत्तर आले की भांडवलशाही हेच सगळ्या दुःखाचे मूळ आहे. मी दोन्ही पत्रे दोन-दोनदा वाचली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, आधी मोल्डिंगवर (साचे बनवायला) आणि पुढे फेटलिंगवर (ओतीव भाग घासून साफ करायला) मी एकतीस वर्षे काढली आहेत. दोन्ही पत्रांत मला आमचा शॉप फ्लोअर कुठे दिसला नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी गिरण्यांचे बोलू. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. खानापूर, चंदगड, बेळगाव तालुक्यांतल्या कितीतरी घरांतली माणसे त्यांत होती. माझे थोरले काका परळची खोली सोडून पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतले, ते परत मुंबईला गेले नाहीत. संप सुरू करणाऱ्यांनी तो मिटवायचा कसा याचा विचार केला नव्हता. ही चूक मोठी होती आणि ती आम्ही कामगारांनी मान्य केली पाहिजे. पण मालकांचे लक्ष तेव्हा कापडावरून उडून जमिनीकडे लागले होते, हेही तितकेच खरे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली आणि चिमण्यांच्या जागी टॉवर आले. त्या जमिनींना सोन्याचा भाव येण्याशी युनियनचा काय संबंध?

मला खरे बोलायचे आहे ते निपाणीबद्दल. माझी आई तिथे एका तंबाखूच्या वखारीत कामाला होती. बायका तंबाखू चाळायच्या, पाखडायच्या. नाकातोंडाला फडके बांधले तरी बारीक पूड आत जायचीच. संध्याकाळी ती घरी आली की आम्ही पोरे शिंकायला लागायचो, इतकी तिच्या लुगड्यात तंबाखू बसलेली असे. मजुरी किती, हे दिवाणजी ठरवायचा. कोणी विचारले तर दुसऱ्या दिवशी तिला दारातूनच परत पाठवायचा. 1980 च्या आसपास प्रा. सुभाष जोशींनी या बायकांची संघटना बांधली. ते डाव्या विचारांचे. त्या वर्षांत आईने पहिल्यांदा हजेरीच्या वहीत स्वतःचे नाव बघितले. तिला वाचता येत नव्हते, मी बोट ठेवून दाखवले.

त्याच निपाणीत 1981 च्या मार्चमध्ये शेतकरी संघटनेचे शरद जोशी तंबाखू शेतकऱ्यांना घेऊन पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. शरद जोशी खुल्या बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते. पुढे जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाचेही त्यांनी उघड समर्थन केले. समाजवादाशी त्यांचे कधी जमले नाही. तरीही त्यांना रस्त्यावर बसावे लागले, कारण चार व्यापारी मिळून भाव ठरवत असतील तर तो बाजार खुला नसतो. हजारो शेतकऱ्यांनी तीन आठवडे महामार्ग अडवून धरला. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकरी मारले गेले. एक जोशी बाजार मानणारे, दुसरे डावे. दोघांनाही एकाच गावात एकच गोष्ट करावी लागली. एकट्या माणसाला भाव मिळत नाही, म्हणून माणसे एकत्र करावी लागली. भांडवलशाही बरी की समाजवाद, हा वाद जेव्हा जेव्हा निघतो तेव्हा मला निपाणीचा तो रस्ता आठवतो.

उद्यमबाग उभी केली ती उद्योजकांनीच, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. एखादे लेथ मशीन घेऊन शेडमध्ये सुरुवात केलेल्या माणसांनी इथे कास्टिंग, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिकचे पंप आणि व्हॉल्व्ह बनवून देशभर पाठवले. आज हत्तरगीला विमानांचे सुटे भाग तयार होतात. सरकारी कारखान्याची वाट बघत बसलो असतो तर माझ्यासारख्या दहावी नापासाला काम कोणी दिले असते? आमचा मालकही वाईट नव्हता. पण तो स्वतः दुसऱ्याच्या तालावर नाचत होता. मोठी कंपनी वर्षाला दर कमी करून मागायची आणि बिल तीन-तीन महिने अडकवायची. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचे, असे 2006 चा कायदा सांगतो. पण मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते, म्हणून कोणी बोलत नाही. वरून आलेला हा दाब मालकावर पडतो, मालकाकडून ठेकेदारावर आणि ठेकेदाराकडून मूस उचलणाऱ्या पोरावर. त्या पोराच्या खाली कोणी नसते.

आमच्याकडे एक पोरगा होता, सौंदत्तीकडचा. धातू ओतताना वितळलेल्या धातूची लॅडल (मोठा डाव) कलंडली आणि त्याचा पाय भाजला. तो ठेकेदाराचा माणूस. मस्टरवर, म्हणजे कारखान्याच्या हजेरीपटावर, नाव नाही, ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) कार्ड नाही. ईएसआय 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना लागू आहे आणि त्याचा पगार त्याच्या निम्माही नव्हता. आम्ही रुमाल पसरून पैसे गोळा केले, खासगी दवाखान्याचे बिल भरले. तो गावी गेला. ठेकेदाराने सोमवारी दुसरा आणला.

आता जुने कामगार कायदे एकत्र करून केंद्राने केलेल्या नव्या कामगार संहिता आल्या आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या लागू झाल्या. त्यांत काही चांगले आहे. नेमणूकपत्र सक्तीचे झाले, मुदतीवर घेतलेल्यालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळणार. पण कारखाना बंद करायला किंवा कामगार कमी करायला सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगार असले की लागायची, ती मर्यादा तीनशेवर गेली. कंत्राटी कामगारांच्या कायद्याची मर्यादा वीसवरून पन्नासवर गेली. उद्यमबागेत आणि मच्छेत फिरून बघा, एका गेटच्या आत तीनशे माणसे असलेली किती ठिकाणे सापडतात. वाटाघाटीचा एकमेव हक्क हवा असेल तर युनियनला मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. ज्याचे नाव मस्टरवरच नाही, तो कोणत्या टक्क्यात मोजायचा? त्यात 2023 मध्ये कर्नाटकाने दिवसाला बारा तासांपर्यंतच्या कामाची वाट मोकळी केली. कामगाराची लेखी संमती लागते म्हणतात. भट्टीसमोर उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या पोराला नाही म्हणता येते का, हे ते कलम लिहिणाऱ्यांनी एकदा येऊन बघावे. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना 1946 मध्ये कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणला गेला. माझ्या वडिलांच्या पिढीला मिळालेली ती गोष्ट माझ्या नातवापर्यंत टिकावी, एवढेच मागणे आहे.

समाजवाद मानणाऱ्या दुसऱ्या पत्रलेखकांनाही मला एक सांगायचे आहे. आपल्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने आहेत. कागदावर मालक शेतकरी सभासद. पण उसाच्या बिलासाठी सभासदाला खेटे घालावे लागतात, आणि ऊसतोडीला येणारी जोडपी मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडता फेडता हंगाम संपवतात. मालकी सगळ्यांची आहे म्हणून तोडणीवाल्या बाईला प्रसूतीची रजा मिळाली, असे मी तरी अजून ऐकलेले नाही.

आणि आता जे सगळ्यांत दुखते ते. आमच्या कारखान्यात एकेकाळी युनियन होती. कमिटीत चार मराठी, तीन कन्नड. नोटीस दोन्ही भाषांत लागायची आणि बोनसच्या बैठकीला सगळे एकत्र जायचे. मग एका वर्षी शहरात मराठी-कन्नड फलकावरून तणाव झाला, दगडफेक झाली. कारखान्यात जेवणाचे डबे वेगवेगळ्या झाडांखाली उघडू लागले. दुसऱ्या वर्षी दोन युनियन झाल्या. तिसऱ्या वर्षी कमिटीच राहिली नाही आणि ठेकेदार आले. मालकाने यातले काही केले नाही, ते आम्ही स्वतः केले.

मी सीमाप्रश्न सोडून द्या म्हणत नाही. माझ्या घरात तो लढा वडिलांपासून आहे. पण या लढ्याचे पुढारी कोण होते ते आठवा. एस. एम. जोशी समाजवादी, डांगे कम्युनिस्ट. समाजवादी खासदार बॅ. नाथ पैंचे शिक्षण बेळगावात झाले आणि 18 जानेवारी 1971 ला त्यांनी प्राण सोडला तोही बेळगावातच. मराठीचा हक्क मागताना कानडी कामगाराची मजुरी कमी व्हावी असे यांच्यापैकी कोणाला वाटले असते, हे मला पटत नाही.

मालकांची चेंबर आहे, फाउंड्रीवाल्यांची संघटना आहे. विजेचा दर वाढला की ते एकत्र जाऊन मंत्र्यांना भेटतात. मराठी मालक आणि कानडी मालक एका गाडीतून जातात. त्यात काही गैर नाही. तेच आम्ही केले तर उद्योग बुडतो, असे कसे?

माझी आपल्याला एक विनंती आहे. फाउंड्री, पॉवरलूम आणि विडी कामगारांचे सरकारने ठरवलेले किमान वेतनाचे दर आपल्या दैनिकात मराठीत छापावेत. ठेकेदाराने ईएसआय आणि पीएफ भरला की नाही हे कामगाराने कुठे तपासायचे, तेही छापावे. तो कागद मी वडगावच्या मागवाल्यांत आणि उद्यमबागेच्या चहाच्या टपऱ्यांवर स्वतः नेऊन वाटीन. कन्नडमध्ये करून द्यायला माझा जुना सोबती तयार आहे. आम्ही दोघे परवाच भेटलो, बारा वर्षांनी.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री कामगार
वडगाव, बेळगाव