अंगणातील छत: पक्के की गुंडाळते?

महोदय,

उन्हाळा तोंडावर आला की पुण्यातील बैठ्या घरांच्या अंगणांत पक्के पत्रे ठोकण्याची घाई सुरू होते. मेच्या मध्यास सूर्य येथे माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, त्यामुळे तेव्हा पत्रे उपयोगी पडतात हे खरे. मात्र डिसेंबरअखेरीस तो जेमतेम ४८ अंशांपर्यंत चढतो आणि थंडीत हवेहवेसे वाटणारे ते तिरपे ऊन हेच पत्रे बरेचसे अडवतात. आम्ही भिंतीला गुंडाळते कापडी छत बसवले. हँडल फिरवून ते मिटवले की कुरडयांची चादर अंगणातच पसरता येते. अर्थात वळवाच्या वाऱ्यात ते उघडे राहिले, तेव्हा त्याचा दांडा वाकला (चूक आमचीच). पावसाळ्यासाठी दारापुरते पक्के छप्पर हवेच.

– एक वाचक, पुणे