कमळाचा देठ

चि. बंड्या,
अनेक आशीर्वाद.

परवा आरतीच्या वेळी जे झालं ते मनातून जात नाही. तू ‘भाकडकथा’ म्हणालास आणि मी पाहुण्यांदेखत तुला गप्प बसवलं. न जेवताच निघालास. गाडीत झोप तरी लागली का रे?

तू गेल्यावर आजोबांचं भागवत काढलं. सहा वर्षांचा असताना तू विचारलं होतंस, ‘जग ब्रह्मदेवाने केलं, मग ब्रह्मदेवाला कोणी केलं?’ आजोबा असे हसले की कवळी हातात आली. मग तुला मांडीवर घेऊन त्यांनी तिसरा स्कंध लावला. ब्रह्मदेव कमळावर बसलेला, भोवती नुसतं पाणी आणि काळोख. चहूकडे मान वळवून बघतो, म्हणून चार तोंडं. मग हे कमळ उगवलं कशातून ते शोधायला देठातून खाली उतरतो. मूळ काही सापडत नाही. म्हणजे तुझ्याआधी ही शंका त्यालाच आली होती, आणि त्याला कुणी गप्प बसवलं नाही.

दुसऱ्या स्कंधात त्याला पाण्यातून दोन अक्षरं ऐकू येतात. तीही कोड्यात सांगितलीत: स्पर्श व्यंजनांतलं सोळावं आणि एकविसावं. काल मी क, ख, ग करत पेरांवर मोजलं. त आणि प. तप! बोलणारा कुठे दिसत नाही, तरी तो परत आपल्या जागी येऊन बसतो. मला तरी भक्ती इतकीच कळते. तू मात्र रात्र रात्र त्या देठातच असतोस. डोळे बघ कसे ओढलेत. अकराला दिवा बंद करावा, तो मोबाईल दुसऱ्या खोलीत... लागले बघ शिकवायला. चुकलं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १२९ वं सूक्त आहे, सातच ऋचांचं. त्यात शेवटी म्हटलंय, ही सृष्टी कुठून झाली ते वरून पाहणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. बाबा म्हणाले, हे त्याला कळवू नकोस, डोक्यावर बसेल. बसू दे. माझ्या मुलाला असले प्रश्न पडतात हे मी शेजारी सांगत असते, तुझ्यासमोर कधी म्हटलं नाही इतकंच.

पोथीत त्या पानावर तू ओढलेली पेन्सिलीची रेघ अजून आहे.

काल तुझं लास्ट सीन पावणेतीनचं होतं. मी तेव्हा जागी कशी, ते विचारू नकोस.

तुझी,
आई