पहिला मान सॅन फ्रान्सिस्कोचा

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या नाताळच्या ‘नटक्रॅकर’ बॅलेचा विषय निघाला की सगळं श्रेय नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शाइन यांच्या १९५४च्या न्यूयॉर्क प्रयोगाला जातं. ते काम थोरच. पण अमेरिकेत हा बॅले संपूर्ण असा पहिल्यांदा केला सॅन फ्रान्सिस्को बॅलेने, २४ डिसेंबर १९४४ रोजी. युद्धाचे दिवस, कापडाची टंचाई, हाती पैसा तुटपुंजा. नृत्यरचनाकार विलम क्रिस्टेन्सन यांना रशियातल्या मूळ प्रयोगाच्या आठवणी सांगितल्या त्या रशियन नर्तकी अलेक्झांड्रा डॅनिलोवा आणि खुद्द बॅलन्शाइन यांनी! पुढे क्रिस्टेन्सन अमेरिकेतल्याच यूटा राज्यात गेले. तिथली ‘बॅले वेस्ट’ ही नृत्यसंस्था त्यांचीच रचना आजही करते. यंदा नाताळात यावर काही छापलंत, तर क्रिस्टेन्सन यांचं नाव आवर्जून घ्यावं, ही विनंती.

– एक नृत्यप्रेमी वाचक, पुणे