पायलट डॉक्टरांच्या वह्या रद्दीत जाऊ नयेत

महोदय,

८ ऑक्टोबरचा वायुसेना दिन जवळ आला की आपल्या पानांत ओझरच्या विमान कारखान्यावर, मिग आणि सुखोईवर लिहून येते. ते यायलाच हवे. ओझरने नाशिकच्या कितीतरी घरांना पोटापाण्याला लावले. पण १९६४ साली तो कारखाना आला त्याच्या वीस वर्षे आधी हरिकेन विमान घेऊन ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लढलेला आणि पुढे जन्मभर जुन्या नाशकात फॅमिली डॉक्टर म्हणून राहिलेला एक माणूस आपल्यात होता, हे आता फार थोड्यांना ठाऊक आहे. माझे वडील त्यांचे कंपाउंडर. सगळे त्यांना ‘पायलट डॉक्टर’ म्हणत. घरच्यांना गाजावाजा नको आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

त्यांचा वाडा आता पाडायचा ठरला आहे. सामान हलवताना त्यांच्या मुलीने, म्हणजे आमच्या ताईंनी, मला बोलावून दोन वह्या हातात दिल्या. एक उड्डाणांचे लॉगबुक, दुसरे पेशंटचे रजिस्टर. बाकीची रजिस्टरे कुणीतरी आधीच रद्दीत घातली होती. ते ऐकून फार वाईट वाटले.

लॉगबुकात तारीख, विमानाचा प्रकार, क्रमांक, कामगिरी, वेळ असे रकाने आणि महिनाअखेरीस बेरीज करून वरिष्ठांची सही. सगळ्यांत गच्च पाने १९४४ च्या मार्च ते जूनची. जपानी सैन्याने तेव्हा इंफाळला वेढा घातला होता. कोहिमाकडचा रस्ता मार्चअखेर तुटला तो २२ जूनला मोकळा झाला. तोवर धान्यापासून दारूगोळ्यापर्यंत सारे विमानाने येत होते. आपले हवाई दल तेव्हा किती लहान! १९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा अवघे एक स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची एक तुकडी; संपले तेव्हा नऊ. पुढे हवाई दलाचे प्रमुख झालेले अर्जन सिंग याच आघाडीवर एक नंबर स्क्वाड्रनचे नेतृत्व करत होते.

डॉक्टरांचे काम मुख्यतः टेहळणीचे. दोन विमाने जोडीने निघत. एकाने खाली बघायचे: जंगलातली वाट, नदीतल्या होड्या, कुठे धूर दिसतो का. दुसऱ्याने त्याच्या मागे डावी-उजवीकडे वळत आकाशावर नजर ठेवायची. हरिकेनचे इंजिन द्रवाने थंड ठेवलेले. खालून साध्या रायफलची गोळी रेडिएटरला लागली तरी द्रव गळून जायचा आणि थोड्याच मिनिटांत इंजिन जाम. एका तारखेसमोर लाल शाईत एवढेच आहे: रेडिएटरला गोळी, पालेलला उतरलो. पालेल म्हणजे इंफाळजवळची धावपट्टी. पुढच्याच ओळीत दुसऱ्या दिवशीचे उड्डाण. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

ते डॉक्टर का झाले, हे वडिलांनी त्यांना एकदा विचारले होते. त्यांनी लढाईचे नव्हे, मलेरियाचे कारण सांगितले. त्या आघाडीवर गोळीपेक्षा तापाने माणसे जास्त पडत. त्या आघाडीवरचे ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांच्याच हिशेबाने १९४३ साली एका जखमीमागे १२० आजारी मागे पाठवावे लागत होते. मलेरियावरच्या मेपाक्रिनच्या गोळ्यांनी सैनिकांची कातडी पिवळी पडे, पण ज्या तुकडीत त्या सक्तीने घ्यायला लावत ती उभी राही. हे त्यांच्या मनावर कोरले गेले. युद्ध संपल्यावर ते पुण्याला बी. जे. मेडिकलमध्ये दाखल झाले. १९४६ सालीच तिथल्या मेडिकल स्कूलचे कॉलेज झाले होते. स्वतःपेक्षा लहान पोरांच्या बाकावर बसून शिकले आणि नाशकात परत आले.

वैमानिकांना डोळे बांधून कॉकपिटमधली प्रत्येक कळ हाताने ओळखायला लावतात. डॉक्टरांची व्हिजिटची बॅग तशीच लावलेली असे. सिरिंजची स्टीलची डबी, अॅड्रिनालिन, थर्मामीटर, ज्याची त्याची जागा ठरलेली. वीज गेलेल्या वाड्यात, काळोख्या जिन्यावर, न बघता त्यांचा हात नेमका त्या वस्तूवर जाई. वडील मिक्श्चरच्या बाटलीवर डोसच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवत. ती वाकडी लागली तर डॉक्टर काढून पुन्हा लावायला सांगत.

फी ते घेत. फुकटचे औषध माणूस पुरते घेत नाही, असे त्यांचे ठाम मत होते आणि मला ते आजही पटते. १९६९ च्या पुरात मात्र रजिस्टरमधला पैशांचा रकाना कितीतरी पाने कोरा आहे. रात्रीच्या व्हिजिटा त्यांनी लाल शाईने लिहिल्या आहेत, युद्धातल्या कामगिऱ्यांसारख्याच. पेशंटची नोंद नावाने नाही, घराने आहे: एका पानावर एक घर, आजीच्या दम्यापासून नातवाच्या देवीच्या लशीपर्यंत. आज डोके दुखले तरी आपण थेट स्पेशालिस्टकडे जातो. आपले अख्खे घर एका पानावर असलेला डॉक्टर कुणाकडे उरला आहे?

दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांहून अधिक भारतीय सैन्यात होते. त्यांतले कितीतरी आपल्या जिल्ह्यातलेही असणार. त्यांची पत्रे, सैन्यातून सुटल्याचे दाखले, फोटो ट्रंकांत पडून आहेत आणि जुने वाडे पाडले जाताना ते सगळे भंगारवाल्याकडे चालले आहे. म्हणून आपल्या वृत्तपत्राने एक आवाहन छापावे ही विनंती. असे कागद फेकू नका. लॅमिनेट तर मुळीच करू नका, जुना कागद त्याने कायमचा खराब होतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा, घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाने अशा कागदांसाठी एक कपाट राखून ठेवावे, आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे, तर त्यांनी जुन्या डॉक्टरांची रजिस्टरे जतन करण्याचा विचार करावा. रजिस्टरांत पेशंटची नावे आहेत, तेव्हा ती उघड्यावर न ठेवता जपावी लागतील, एवढे भान मात्र हवे.

वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत. दोन्ही वह्या द्यायला ताई तयार आहेत. घेणारे कोणी पुढे आले, तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रविवार कारंजा, नाशिक