रविवारची मीटिंग आणि निवेदनावरच्या सह्या

मैत्रिणींनो, रविवारी दुपारी ३ ला विश्रामबागेत नेहमीच्या हॉलमध्ये बसायचंय, विसरू नका. दिल्लीला आरोग्य मंत्रालयाला निवेदन पाठवायचंय, त्यावर सह्या हव्यात. मागणी एवढीच की बाईला स्वतःच्या तब्येतीचं जे घरी करता येतं, म्हणजे प्रेग्नन्सी किट, गर्भनिरोधक गोळ्या, कंडोम, घरी बीपी मोजणं, ते देशभर सरकारी योजनांत नीट धरा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ लाच यावर गाइडलाइन काढली, २०२२ ला सुधारली, आपण काय जगावेगळं मागत नाय. आशाताईंकडं निश्चय किट, म्हणजे सरकारी प्रेग्नन्सी किट, असतं हे जत, आटपाडीकडं कितीतरी जणींना माहीतच नाय, आणि मेडिकलमध्ये मागायचं तर गावात सगळेच ओळखीचे!

आणि हो, घरी काळजी म्हणजे दवाखाना बंद असं नव्हे, हे निवेदनात ठळक लिहिलंय. गरोदर बाईनं दर महिन्याच्या ९ तारखेची सरकारी दवाखान्यातली तपासणी चुकवायची नाय, लोहाच्या १८० गोळ्या पुऱ्या करायच्या, आणि डोकं जाम दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येतीय, रक्त जातंय तर सरळ १०८ ला फोन.

येताना प्रत्येकीनं शेजारची एक तरी आणा, सासूबाई आल्या तर उत्तमच. चहा आहे.