रात्रपाळीच्या सिस्टरना, आकडे मोजायला लावल्याबद्दल

नमस्कार सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, बायकोनं विचारलं तेव्हा तुम्हीच नको म्हणाला होता. पण ऑगस्टमध्ये खिडकीजवळच्या बेडवर शिरोली एमआयडीसीतला लेथवाला होता म्हटलं की तुमच्या लक्षात येईल. आठ महिने झाले, आत्ता कुठं मोबाईलवर एवढं टाईप करण्याइतकी बोटं चालायला लागलीत, म्हणून पहिलं हेच लिहायला घेतलं.

झालं होतं काय तर साधा फ्लू. पंचगंगेला पाणी चढलेलं, घरोघरी ताप-खोकला, मलापण पाच दिवस ताप आला, स्वॅबमध्ये इन्फ्लुएंझा ए निघाला, बरा झालो आणि कामावर गेलो. बारा दिवसांनी पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी गंगावेशीत दूध आणायला गेलो तर डाव्या पायातली चप्पल मागं रस्त्यातच राहिली आणि मला कळलंसुद्धा नाही, एका पोरानं हाक मारून आणून दिली. जवळच्या दवाखान्यात दाखवलं, तापानंतरचा अशक्तपणा आहे म्हणाले, सलाईन लावलं, ताकदीचं इंजेक्शन दिलं, त्यात दोन दिवस गेले त्याचं अजून वाईट वाटतं. मग जिनाच चढता येईना, मेव्हण्यानं उचलून रिक्षात घातलं आणि तुमच्याकडं आणलं.

तुमच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय जरासुद्धा उडाला नाही, तिथंच ते म्हणाले जीबीएस वाटतोय, गुलियन बॅरे. फ्लूशी लढायला अंगानं जी फौज उभी केली तीच चुकून नसांवर उलटते, वायरचं कोटिंग सोलल्यासारखं होतं आणि मेंदूचा करंट हातापायापर्यंत पोचतच नाही. हे मला लगेच समजलं, रोज मशीनवरच असतो ना. मेव्हणा म्हणत होता स्टेरॉईड द्या, लवकर उठेल, तर डॉक्टर म्हणाले या आजारात त्याचा उपयोग होत नाही, इम्युनोग्लोब्युलिनच द्यायचं, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातनं काढलेल्या अँटीबॉडीज शिरेतनं सोडायच्या. माझं वजन 75 किलो, म्हणजे रोज 30 ग्रॅम, असं पाच दिवस. पतसंस्थेतनं कर्ज काढलं, ते फिटतंय हळूहळू.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या रात्रीचं.

बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलेलं, 98 दाखवत होतं. कोरोनापासून आम्हाला सगळ्यांना तेवढंच कळतं, 98 म्हणजे सगळं बरोबर, बायको निवांत झाली होती, थर्मासमधनं चहा ओतत होती. तुम्ही आला, माझ्याकडं नुसतं बघितलंत आणि म्हणालात, "दादा, एक मोठा श्वास घ्या आणि त्या एकाच श्वासात जमतील तेवढे आकडे मोजा." संध्याकाळी 28 झाले होते, आता 19 ला थांबलो. मग म्हणालात उशीवरनं डोकं उचला. उचलेना. चहाचा कप तुम्ही बायकोच्या हातातनं काढून घेतलात, तोंडानं आता काही द्यायचं नाही, घशात ताकद नाही, फुप्फुसात जाईल. तासाभरानं परत मोजायला लावलंत, 13. मशीन अजून 97 दाखवत होतं! तुम्ही बायकोला सांगितलंत, ताई, यांच्या छातीचे स्नायू दमलेत, हा आकडा खाली येईपर्यंत थांबलो तर उशीर होईल. आणि डॉक्टरांना फोन लावलात, एकदा नाही, उचलेपर्यंत तीनदा. पहाटे आयसीयूत नळी घातली, पण सगळी तयारी करून, शांतपणे घातली, धावाधाव झाली नाही. हे तुमच्यामुळं.

अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होतो. हात नाही, पाय नाही, चेहरापण लुळा, पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या. लोकांना वाटायचं मी बेशुद्ध आहे, माझ्या उशाशी उभं राहून काय काय बोलायचे. मला सगळं ऐकू येत होतं हो. तुमची ड्यूटी बाहेरच्या वॉर्डात, तरी तुम्ही आत यायचा, डोळ्यात थेंब घालायचा, आणि घालायच्या आधी सांगायचा, दादा थेंब घालतेय, गार लागेल. आज काय वार आहे, पाऊस उघडला का, रंकाळ्यावर किती गर्दी होती, हे सांगायचा. तुम्हीच आत सगळ्यांना बजावलंत की यांचा मेंदू शाबूत आहे, यांच्यासमोर जपून बोला. डोळे वर केले की हो, खाली केले की नाही, हे पण तुम्हीच शिकवलंत. पहिला प्रश्न विचारलात भीती वाटते का. मी वर बघितलं. मग तुम्ही हात धरून उभ्या राहिलात, किती वेळ ते माहीत नाही पण बराच वेळ.

पोरानं नंतर वाचून सांगितलं, 1916 मध्ये फ्रान्समध्ये युद्धाच्या काळात दोन सैनिकांवरनं हा आजार नोंदवला गेला, पाठीतल्या पाण्यात प्रोटीन जास्त आणि पेशी मात्र नॉर्मल. माझ्यापण रिपोर्टमध्ये तेच आलं होतं.

फ्लूच्या लसीचं पण विचारलं मी डॉक्टरांना, कारण गल्लीत बोलतात की लसीनं जीबीएस होतो. ते म्हणाले लसीनं झालाच तर फार क्वचित, खऱ्या फ्लूनं होण्याचा धोका त्यापेक्षा जास्त. आईनं आणि बायकोनं घेतली. आणि ताप असताना मोठं माणूस बरळायला लागलं, ओळखेना, फिट आली तर तापाची गुंगी म्हणून घरात ठेवू नका, फ्लूमुळं मेंदूवरपण परिणाम होतो, हे त्यांनी सांगितलेलं मी कंपनीत सगळ्यांना सांगत असतो.

आता काठीशिवाय चालतोय. डाव्या हाताची पकड अजून कच्ची आहे, लेथवर नाही बसवत, स्टोअरला बसतो. परवा रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून एका श्वासात मोजलं, 41.

येत्या मंगळवारी फिजिओला येणार आहे, सकाळी आठला. तुमची नाइट असेल तर जरा थांबा सिस्टर. बायकोला तुम्हाला भेटायचंय, आणि आई तुमच्यासाठी भाकरी-पिठल्याचा डबा देणार आहे.

तुमचा,
खिडकीजवळच्या बेडवरचा दादा